पोपटी रेघ

माझा मेहुणा जयराज यानं आपल्या साताऱ्याच्या घराला पितळेची पाटी लावून घेतली नसती, तर आमच्या सांगलीच्या घराच्या जोत्यावर आज जी एक वाकडी पोपटी रेघ दिसते ती दिसली नसती. म्हणजे या सगळ्याचं मूळ साताऱ्यात आहे. तसं पाण्याचंही मूळ तिकडंच म्हणा. कृष्णाबाई त्यांच्या डोंगरात जन्मते, त्यांच्याकडं लहानाची मोठी होते, आणि घरात शिरायला मात्र आमच्याकडं येते.

अक्षय तृतीयेला आम्ही उभयतां आमरसासाठी साताऱ्याला गेलो होतो. दर खेपेला जयराज दारात येऊन हातातल्या पिशव्या घेतो. या खेपेला त्यानं पिशव्या आमच्याच हातात राहू दिल्या आणि आम्हाला रस्त्यावर उभं केलं.

"दाजी, जरा मागं सरा. अजून मागं. हां, आता बघा."

मागं सरता सरता मी एका उभ्या रिक्षाला टेकलो. बघतो तर दरवाजाच्या उजव्या अंगाला, काळ्या दगडावर, एक पितळी पाटी. तिच्यावर ‘वारसा वास्तू’ असं कोरलेलं आणि खाली जयराजच्या पणजोबांचं नाव. जयराजनं शर्टाच्या टोकानं ती पुसली. मुळात ती इतकी लखलखीत होती की पुसताना त्याला स्वतःचं तोंड दिसत असणार आणि त्यासाठीच तो पुसत असणार.

"दोन जिल्ह्यांचं वारसा मंडळ आहे दाजी. मोजक्याच घरांना दिली. म्हणाले, असं जपलेलं जुनं घर बघायला मिळत नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून फार मायेनं म्हणाला, "तुमच्याकडं सांगलीत काय, पुरानं काही राहतच नसेल."

क्रांतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधी पाटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. त्या दिवशी आमरस मला आंबट लागला आणि परतीच्या एस.टी.त कराड येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

आमचं घर सांगलीच्या जुन्या पेठेत आहे. वाडा म्हणण्याइतकं मोठं नाही, पण त्याला जोतं आहे काळ्या दगडाचं, वर भाजक्या विटांच्या भिंती, भिंतींवर चुन्याचा गिलावा, सोप्याला सागवानी खांब आणि खांबांच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं. आमची गल्ली नदीकडं उतरत जाते आणि आमच्या दारापुढं वळते. त्यामुळं नदी गल्लीत आली की आधी आमच्या भिंतीला भेटते आणि मग इतरांकडं जाते. म्हणून फार पूर्वी माझ्या आजोबांनी एक पद्धत पाडली. पूर ओसरला की पाणी जिथवर आलं होतं तिथं भिंतीवर आडवी रेघ कोरायची आणि गेरू भरायचा. आजोबांची रेघ सगळ्यांत खाली, जोत्याच्या दगडावर. वर गिलाव्यात वडिलांच्या वेळच्या दोन. त्यांच्यावर दोन हजार पाचची, मग एकवीसची, आणि सगळ्यांत वर, हात उंच केला तरी पोचणार नाही अशी, एकोणीस सालची.

गल्लीतल्या बायका नवरात्रात येऊन या रेघांना हळदकुंकू लावायच्या. आणि पावसाळ्यात सगळी गल्ली या भिंतीवर चालायची. पाणी आजोबांच्या रेघेला टेकलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी गल्ली सोडायची, कारण त्यानंतर थोड्याच वेळात खालच्या चौकात कंबरभर पाणी होतं आणि बाहेर पडायची वाट बंद होते. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. भिंतीवर होता तेवढाच.

तो सगळ्यांत जास्त पाळायची समोरची हरणाबाई. तिचं दार आमच्या भिंतीच्या बरोब्बर समोर. माहेर तिचं जतकडचं, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांचं. तिकडं लहानपणी एका घागरीसाठी ती दोन टेकड्या ओलांडून जायची. लग्न होऊन सांगलीत आली आणि पहिल्याच वर्षी पाणी आपणहून चालत तिच्या उंबऱ्याशी आलं. तेव्हापासून नदीला ती पाहुणी समजते. सगळी गल्ली पुराला घाबरते आणि ही ओट्यावर बसून ओव्या म्हणते:

*कृष्णा गं माज्या बाई, उंबऱ्याला टेक पाय,*
*कोरड्या मुलखाची मी, मला पान्याचं भ्या न्हाय.*

पण आजोबांच्या रेघेला पाणी टेकलं की ती मुकाट्यानं उठायची, गाठोडं घ्यायची आणि चालू लागायची. आधी मात्र नाही. भोंगे ओरडोत, पोलीस येवोत. "भोंग्याचं काय, कायबी बोलतोय. माई रेघंला लागली की मी उठणार." पाच साली ती तशीच उठली, एकोणीस साली उठली, एकवीस साली उठली. हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

मी मंडळाकडं अर्ज धाडला. पंधरवड्यातच मंडळाच्या सोनम मॅडम आल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, वास्तुकला शिकलेल्या, गळ्यात कॅमेरा. त्यांनी खांबांवरून हात फिरवला, केळफुलांचे फोटो काढले, गिलावा नखानं उकरून हुंगला आणि म्हणाल्या, "सर, सुंदर आहे. फक्त दर्शनी भिंतीवर नंतर जे काही आलंय ते काढा. भिंत मूळ स्वरूपात असावी. मी पुन्हा येते."

नंतर आलेलं बरंच होतं. क्लासची जाहिरात, दोन निवडणुकांमधली दोन चिन्हं, केबलच्या तारा, आणि मीच एकदा खिडकीच्या गजांना दिलेला पोपटी ऑइलपेंट. आमचे शेजारी सुभेदार नाथाजी फौजेतून परत येऊन ऊसशेती बघतात आणि शेतात काम नसेल तेव्हा माझ्याकडं बघतात. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "मास्तर, ऑर्डर क्लियर है. ओरिजिनल पोझिशन! ओरिजिनलच्या नंतर जे आलं ते सगळं हटाव."

मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. शाळेत चित्रकलेचा मास्तर हा एकमेव असा प्राणी असतो की ज्याचा तास गणिताच्या मास्तराला हवा असतो. त्यामुळं आयुष्यात मला कुणी ऑर्डर अशी दिलीच नव्हती, नुसता तास काढून घेतला होता. या ऑर्डरीनं मला हुरूप चढला. क्रांती साताऱ्याजवळच्या मेढ्याला भाचीच्या लग्नाला गेली होती. ती घरात असती तर हे झालं नसतं, हे ती अजूनही सांगते आणि मी अजूनही मान्य करतो.

मी ज्ञानू रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं भिंत खालपासून वरपर्यंत बघितली आणि विचारलं, "मास्तर, ह्या रेघा?"

"भिंत आधीची की रेघा आधीच्या?"

"भिंत."

"मग रेघा नंतरच्या. नंतरचं सगळं काढायचं."

"आवं पर हितं कुंकू हाय. कुंकवावर चुना मारू?"

"ज्ञानू," मी म्हणालो, "आपण भिंत मूळ स्वरूपात नेत आहोत." हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे म्हणालो की त्या बिचाऱ्यानं चुन्याची बादली उचलली. त्यानं रेघा चुन्यानं बुजवल्या, जोत्यावरची आजोबांची रेघ घालवायला सगळा दगड छिन्नीनं टाचून सपाट केला आणि वर दोन हात पांढरा चुना ओढला. संध्याकाळी भिंत पहिलीच्या पोराच्या नव्या वहीसारखी दिसत होती. मी समोरच्या बाजूला जाऊन, मागं सरून, अजून मागं सरून बघितली. मागं सरता सरता हरणाबाईच्या ओट्याला टेकलो.

"धनाजी," ती मागून म्हणाली, "माईच्या खुना कुटं रं?"

मी वळलो. म्हातारी माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती.

"त्या... आता भिंत मूळ स्वरूपात आहे काकी."

"व्हय? मग ती आता यील तवा बसंल कुटं?"

पुढच्या दिवसांत असे प्रश्न गल्लीभर झाले. बायका दारावरून जाताना भिंतीकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. सुभेदारांनी तर कमाल केली. "मास्तर, नकाशा जाळून कोणी लढाईला जातं का?" असं चारचौघांत म्हणाले. मी त्यांना त्यांच्याच ऑर्डरीची आठवण करून दिली, तर म्हणाले, "मैं तो जाहिरातीबद्दल बोलत होतो."

क्रांती मेढ्याहून आली, रिक्षातून उतरली, भिंत बघितली आणि पुन्हा रिक्षात बसू लागली. मी बॅग धरली म्हणून राहिली. "आमच्या साताऱ्यात पाणी वरून खाली येतं," ती म्हणाली, "तुमच्याकडं खालून वर येतं. ते किती वर येतं एवढं एकच तुमच्या घराला ठाऊक होतं. तेही पुसलं."

मला एकच आशा होती. सोनम मॅडम. त्या आल्या, आणि दारातच त्यांच्या हातातून कॅमेरा निसटला. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला.

"सर! रेघा?"

"नंतरच्या होत्या. काढल्या."

"अहो सर, खांब सगळ्यांकडं असतात, केळफुलं सगळ्यांकडं असतात. त्या रेघांसाठी तर मी तुमचं नाव पुढं केलं होतं. त्यांचेच फोटो काढायला आज आले." त्या ओट्यावर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी मंडळाचा उपाय सांगितला. रेघा होत्या तिथं पुन्हा काढायच्या, मात्र अधिकृत पुराव्यासह.

पुराव्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी फार सौजन्यानं सांगितलं की पाण्याची उंची ते पुलापाशी मोजतात, माझ्या भिंतीपाशी मोजत नाहीत. भिंतीवरची उंची हवी असेल तर माझं जोतं समुद्रसपाटीपासून किती उंच आहे याचा दाखला आणावा. तो दाखला दुसऱ्या कार्यालयात मिळतो. दुसऱ्या कार्यालयात विचारलं तर ते म्हणाले, समुद्राचं आमच्याकडं नाही, आमच्याकडं फक्त जमिनीचं आहे. मी घरी येताना नदीच्या घाटावर थोडा वेळ बसलो. पाणी पार खाली होतं, शांत, वाळूत पाय पसरून बसल्यासारखं. इतकं गरीब दिसत होतं की मला त्याच्यावर राग धरवेना.

मग मी गल्लीचा पुरावा गोळा करायला घेतला. प्रत्येकाला भिंतीपाशी उभं केलं. सुभेदार म्हणाले, आजोबांची रेघ त्यांच्या गुडघ्याला लागायची. गुडघा लावून बघितला. मग म्हणाले, त्या वेळी बूट होते. मग म्हणाले, बूट होते पण चिखलात रुतले होते. पलीकडची शालूबाई म्हणाली, रेघ तिच्या जावेच्या पोराच्या नाकाला लागायची. ते पोर आता पुण्यात सहा फुटांचं होऊन नोकरी करतं. फोटो मागवले तर ढीगभर आले. सगळे भिंतीपुढं उभं राहून काढलेले, पूर गेल्यावरचे, हसरे. आणि एकूण एक फोटोत रेघेच्या जागी कुणाचं ना कुणाचं डोकं नाहीतर गुडघे. एकोणीस सालच्या रेघेपुढं तर सुभेदार खुर्चीवर उभे.

हरणाबाईला मी शेवटी विचारलं. तिनं मान हलवली. "मी रोज बगायची. रोज बगायचं ते कोन ध्यानात ठेवतंय?"

अशा अवस्थेत ऑगस्ट आला. डोंगरात पावसानं ठाण मांडलं आणि कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली. गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसलं तसं टेम्पो लागले, गाद्या माडीवर गेल्या, भोंग्याची गाडी चौकातून ओरडत गेली. जयराजचा फोन आला. "दाजी, सगळे इकडं या. जेवढे असाल तेवढे." क्रांती शालूबाईच्या पोरीबाळींना घेऊन पहिल्या टेम्पोनं पुढं गेली. मी आणि सुभेदार हरणाबाईला न्यायला थांबलो. तिचा मुलगा बिराप्पा घोंगड्या आणायला जतकडं गेलेला आणि पलीकडचा रस्ता बंद.

हरणाबाई ओट्यावर बसून होती. गाठोडं बांधून शेजारी ठेवलेलं.

"काकी, चला."

"माई रेघंला लागू दे."

"काकी, रेघ नाही आता."

"न्हाई ते तुला ठावं. मला कसं कळंल कवा उटायचं? उगा निगाले आन ती मागारी गेली, तर म्हनंल, हरणी घाबरली. आमी पान्यासाटी देवाला बोकड सोडनारी मानसं. पाव्हनी दारात आन आपुन पळायचं व्हय?"

सुभेदारांनी फौजी आवाजात सांगितलं. हात जोडून सांगितलं. उचलून न्यायचं म्हणून पुढं झाले तर म्हातारीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि सीमेवर राहून आलेला माणूस दोन पावलं मागं आला. पाणी आमच्या खालच्या पायरीशी आलं होतं. तपकिरी, संथ, गवताच्या काड्या फिरवत. आजोबांची रेघ कुठं होती? पाणी तिच्या खाली होतं, की तिच्या वर गेलंसुद्धा होतं? मला सांगता येईना. पाटीसाठी मी भिंत पुसली होती, आणि त्या पांढऱ्या कोऱ्या भिंतीपुढं ही म्हातारी माझ्यामुळं बसून होती.

मी घरात धावलो. गेरू माडीवर कुठंतरी बांधलेला. हाताला लागला तो जिन्याखालचा डबा, खिडक्यांना लावून उरलेला पोपटी ऑइलपेंट. ब्रश वाळून लाकूड झालेला. मी बाहेर आलो, पाण्यात उतरलो, घोट्यावर पाणी, आणि वळचणीखाली जोत्याचा जो दगड अजून कोरडा होता त्याच्यावर, पाण्यापासून चार बोटं वर, रेघ ओढली. सगळी नोकरी मी पोरांना सांगत आलो की रेघ ओढताना श्वास रोखा, मनगट सैल ठेवा, हात खांद्यातून हलवा. माझा हात कुठूनही हलत होता. रेघ डावीकडं वर गेली, मधे खाली आली, शेवटी पुन्हा वर. सुभेदार पाण्यात उभे राहून माझी पाठ झाकत होते, जणू शत्रूच्या देखत सुरुंग पेरतोय.

मग आम्ही दोघं बाजूला झालो. मी म्हणालो, "काकी, बघा. आजोबांची रेघ. चुना निघाला, खालून वर आली. पाणी टेकलंच आहे."

हरणाबाईनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. पाणी खरोखरच चढलं आणि रेघेच्या खालच्या बाकाला लागलं.

"धनाजी," ती म्हणाली, "तुज्या आज्यानं कवा रं पोपटी रंग वापरला?"

हातातला ब्रश पाठीमागं होता आणि त्यातून रंग माझ्या धोतरावर गळत होता.

"लबाड हाय रेघ," ती म्हणाली. "आन किती वाकडी. पर तुजं पाय बग, कसं लटलट कापाय लागल्यात." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल बाबा. माई समजून घील. तिला म्हनू, पोरगं घाबरलं हुतं."

पण जाण्याआधी तिनं पाहुणीचा मान केला. गाठोड्यातून खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ. मला ताट धरायला लावलं. गुडघ्यापर्यंत पाण्यात मी ताट धरून उभा, शेजारी सुभेदार अटेन्शनमध्ये, आणि तिनं पाण्याची ओटी भरली:

*खण घे गं, नारळ घे, साकर घे गं मुठीत,*
*आली तशी जा मागारी, तुज्या काठाच्या मिठीत.*

नारळ हेलकावे खात गल्लीच्या वळणानं गेला. आम्ही दुसऱ्या वळणानं गेलो. चौकात पाणी मांडीपर्यंत आलं होतं. टेम्पोवाला ओरडत होता. संध्याकाळी तो चौक बंद झाला.

जयराजच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा आम्ही चिखलानं इतके माखलो होतो की मी दगडाला हात लावायलाही धजेना. जयराज धावत आला. या खेपेला त्यानं पिशव्या घेतल्या, गाठोडी घेतली आणि हरणाबाईला हात दिला. पाटीशी ती थांबली.

"ह्ये काय, लायटीचा नंबर?"

"वारसा आहे काकी," जयराज म्हणाला.

"बरं बरं. असू दे."

त्या रात्री जयराजच्या सोप्यात सोळासतरा माणसं झोपली. त्यानं आपली खोली हरणाबाईला दिली आणि स्वतः जिन्यात झोपला. आणि मला उमगलं की जिन्यात कौलांतून पाणी गळत होतं आणि त्याच्याखाली पातेलं ठेवलेलं होतं.

"पाटी लागल्यापासून कौल बदलायलाही मंडळाची परवानगी लागते दाजी," तो हळूच म्हणाला. "अर्ज दिलाय. तोवर पातेलं." मग आम्ही दोघंही इतके हसलो की सुभेदार झोपेत "कौन है?" म्हणून ओरडले.

सकाळी जयराजच्या बायकोनं भाकरी टाकल्या आणि हरणाबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बसून गुणगुणत होती:

*घर भावाचं उंचाला, दारी पितळंची पाटी,*
*वाचाया मला येईना, ऊन भाकर माज्यासाटी.*

जयराज दारात उभा राहून ऐकत होता. डोळे पुसायला त्यानं तेच शर्टाचं टोक घेतलं ज्यानं तो पाटी पुसायचा. त्या माणसाला मी मनातल्या मनात जे जे बोललो होतो ते सगळं त्या सकाळी परत घेतलं. काही गोष्टी राहिल्या, पण त्या लग्नाच्या वेळच्या आहेत.

पाणी उतरल्यावर आम्ही परतलो, आणि जयराज मेढ्याहून फावडी घेतलेली माणसं घेऊन आमच्या आधीच पोचला होता. सोनम मॅडम गमबूट घालून आल्या आणि कॅमेरा घरी ठेवून दिवसभर हरणाबाईच्या घरातला गाळ ओढत होत्या. सुभेदारांनी ‘फॉल इन’ म्हणून सगळ्या गल्लीला रांगेत उभं केलं. कुणी कुणाचं घर असं विचारलं नाही, समोर येईल ते धुतलं. आमची भिंत मात्र मी शेवटी ठेवली होती. बघवत नव्हतं.

बघितली तेव्हा सगळेच थांबले. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाळाची तपकिरी रेघ. शाळेतल्या कुठल्याही पट्टीला लाजवील इतकी सरळ. नदी येऊन आपली जागा स्वतःच आखून गेली होती.

आणि तिच्या बरंच खाली, दगडावर, माझी पोपटी रेघ. सगळं वाहून गेलं होतं. दारापुढची कुंडी गेली, विजेच्या तारा गेल्या, जिना गेला असता तर तोही. ऑइलपेंट तेवढा राहिला.

सोनम मॅडम वाकून बघत होत्या. "सर, वरची रेघ उत्तम. ही जपू, मी स्वतः गेरू भरते. पण ही खालची कुठल्या सालची?"

मी खाकरलो. सुभेदार आकाशाकडं बघू लागले.

"चुन्याच्या आणि दगडाच्या वास्तूवर तेली रंग मंडळाला चालत नाही," त्या म्हणाल्या. "एवढी खरवडून टाका, पाटी तुमची. मी शब्द देते."

जयराजनं माझ्याकडं बघितलं. क्रांतीनंही बघितलं. साताऱ्यात बघितलं होतं तसंच, पण या खेपेला मला भाषांतर करावं लागलं नाही. आणि मी तोंड उघडायच्या आत हरणाबाई ओट्यावरून उतरली.

"ती पान्याची न्हवं बाई," ती म्हणाली. "ती धनाजीची हाय. ह्या रेघंला मी उटले."

मग शालूबाई म्हणाली, "आवं मग ऱ्हाऊ द्या की. हितं पानी लागलं की म्हाताऱ्यांनी निगायचं. मास्तरांच्या आज्याची कुटं हुती त्ये आता कुनाला घावनार हाय?" सुभेदार म्हणाले, "ऑर्डर पास." आणि माझ्या भिंतीबद्दलचा निर्णय माझ्याच दारात, मला न विचारता झाला.

"मॅडम," मी म्हणालो, "पाटी राहू दे."

"एक आहे की साताऱ्यात," क्रांती म्हणाली. "दोन-दोन काय करायच्यात?" जयराजनं इतक्या जोरात मान हलवली की मला त्याच्या कौलांची काळजी वाटली.

नवरात्रात बायका आल्या. गाळाच्या रेघेत आता गेरू भरला होता. तिला हळदकुंकू झालं. मग हरणाबाई खाली वाकली आणि अंगठ्यानं पोपटी रेघेवर, जिथं ती सगळ्यांत जास्त वाकडी आहे तिथं, कुंकू लावलं. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग, शेजारी ठेवले की दोन्ही उजळतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलो. खरंच उजळतात. मी दारात उभा होतो, आणि या गल्लीनं, या नदीनं, त्या साताऱ्याच्या मेहुण्यानं मला जे जे दिलं ते कुठं ठेवू हे न कळून नुसता उभा होतो. नमस्कार करावा म्हणून मी हरणाबाईपुढं वाकलो.

"हां, उट आता," ती म्हणाली. "आन फुडच्या खेपंला जरा सरळ काड."

"पुढच्या खेपेला?"

"मग! पाव्हनी काय एकदाच येती व्हय?"